दिसायला परदेशी

जागतिक युवा सेवा मंचाची अंबरनाथ पश्चिम शाखा स्थापन झाली तेव्हा तिचे सभासद तीन होते आणि पदं चार. अध्यक्ष आणि जनसंपर्क प्रमुख ही दोन्ही पदं माझ्याकडे आली, कारण सभा माझ्या घरी होती आणि पोहे माझ्या आईने केले होते. अक्षय उपाध्यक्ष झाला. तेजस्वीकडे 'प्रत्यक्ष काम' हे खातं देण्यात आलं. तिने ते तक्रार न करता घेतलं, आणि आम्ही दोघांनी टाळ्या वाजवून तिचं अभिनंदन केलं.

मंचाचं उद्दिष्ट उदात्त होतं. परदेशातल्या तरुणांनी इकडे यावं, तीन आठवडे आपल्यात राहावं, एखाद्या गावात श्रमदान करावं आणि त्यातून जगात मैत्री वाढावी. माझं उद्दिष्ट त्याहून जरा लहान होतं. मला बाहेरच्या विद्यापीठात एमबीएसाठी अर्ज करायचा होता आणि अर्जात 'आंतरराष्ट्रीय नेतृत्वाचा अनुभव' असा एक रकाना होता. तो रिकामा ठेवून मी दोनदा नाकारला गेलो होतो. अक्षय एमआयडीसीतल्या एका कंपनीत होता आणि त्याला फॉरेनच्या मुलींशी ओळख व्हावी असं वाटत होतं, हे त्याने पहिल्या सभेतच मोकळेपणाने सांगितलं. इतिवृत्तात आम्ही त्याची नोंद 'सांस्कृतिक देवाणघेवाण' अशी केली.

तेजस्वी चामटोलीच्या पुढच्या एका पाड्यावरची. तिच्या पाड्यावरच्या शाळेत मुलींसाठी बांधलेलं स्वच्छतागृह दोन वर्षं कुलूपबंद होतं, कारण पाणी नव्हतं. सातवी-आठवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या त्या परत यायच्या नाहीत. वर्षाअखेरी त्यातल्या दोघी-तिघी पटावरूनच जायच्या. तेजस्वीला तिथे पाण्याची टाकी हवी होती. आम्हालाही प्रकल्प हवाच होता, म्हणून टाकी मंजूर झाली.

सिमेंट, वाळू आणि जाळी भावेशदादांनी द्यायचं कबूल केलं. भावेशदादा आमच्या भागातले भावी नगरसेवक. गेली नऊ वर्षं ते भावी आहेत. त्यांची अट एकच होती: आचारसंहिता लागायच्या आत उद्घाटन व्हावं आणि ते परदेशी पाहुण्याच्या हस्ते व्हावं.

फेब्रुवारीत मुख्यालयाचं पत्र आलं. एक पाहुणी मंजूर झाली होती. नाव, देश आणि फोटो नंतर कळवण्यात येणार होता, पण स्वागताची तयारी ताबडतोब सुरू करायची होती. मी आणि अक्षय उल्हासनगर कॅम्प एकला गेलो आणि एका सिंधी दुकानदाराकडे दहा फुटी बॅनर टाकायला दिला. पाहुणीचा फोटो नसल्यामुळे अक्षयने इंटरनेटवरून सोनेरी केसांची एक हसरी मुलगी उतरवून घेतली होती. दुकानदाराने चष्मा वर करून विचारलं, "साईं, ये कौन है?"

अक्षय म्हणाला, "गेस्ट है, अंकल."

"नाम तो लिखा नहीं."

"नाम अभी आना है."

"तो फोटो कैसे आ गया?"

अक्षयने पैसे पुढे केले. दुकानदाराने मान हलवली आणि बॅनर छापून दिला. या सगळ्या प्रकरणात कामापुरता विचार करून प्रश्न विचारणारा पहिला माणूस तोच होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

पाहुणी आली त्या सकाळी आम्ही स्टेशनबाहेर पश्चिमेला हार, ढोल-ताशावाले दोन आणि बॅनर घेऊन उभे होतो. भावेशदादांनी दोन कार्यकर्ते पाठवले होते. गर्दी आली, ओसरली. पाठीवर साधी सॅक, अंगात सुती कुर्ता, केसांची एक घट्ट वेणी अशी सावळी, बारीक मुलगी बराच वेळ बॅनरकडे बघत उभी होती. मी तिला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणालो, "ताई, जरा सरका ना, आमचे पाहुणे यायचेत."

तिने इंग्रजीत विचारलं, "युवा सेवा मंच हाच का?" आणि पासपोर्ट पुढे केला. तिचं नाव चतुरिका विजेरत्ने होतं. ती श्रीलंकेतल्या कुरुनेगलाजवळच्या एका खेड्यातली होती आणि सिमेंटच्या पातळ टाक्या बांधण्याचं तिने रीतसर शिक्षण घेतलं होतं.

मी हार घातला. ढोल वाजायचा राहिला, कारण ढोलवाले अजून पाहुणीची वाट बघत होते.

घरी आईने आठवडाभर तयारी केली होती. काटे-चमचे आणले होते, पास्ता आणला होता, बाथरूममध्ये कागदाची गुंडाळी लावून घेतली होती. दुपारी शेजारच्या बायका परदेशी बाई बघायला म्हणून आल्या, तेव्हा चतुरिका स्वयंपाकघरात खवणीवर बसून नारळ खवत होती. तिच्या घरीही अशीच खवणी होती म्हणे. माझ्या आईने माधवी हे आपलं नाव सांगितल्यावर ती तिला 'माधवी अम्मा' म्हणायला लागली होती, आणि पास्ता बाजूला ठेवून दोघींनी कच्च्या फणसाची भाजी करायचं ठरवलं होतं.

बायकांनी विचारलं, "पाहुणी आली नाही का अजून?"

आई खालच्या आवाजात म्हणाली, "आली आहे. पण अशीच आहे."

सोसायटीचे सेक्रेटरी बाळाकाका रजिस्टर घेऊन आले. परदेशी नागरिक ठेवताना काय काय कळवावं लागतं याचा कागद त्यांनी आधीच काढून ठेवला होता आणि त्यासाठी इस्त्रीचा सफारीही घातला होता. चतुरिकाकडे बघून त्यांनी आडनाव विचारलं. विजेरत्ने ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मूळचे रत्नागिरीकडचे का?" मी पासपोर्ट दाखवला. त्यांनी तो दोनदा उलटसुलट केला आणि शेवटी रजिस्टरमध्ये 'नातेवाईक' असं लिहिलं. परदेशी लिहिलं तर कमिटीत कोणी विश्वास ठेवणार नाही आणि उगाच चौकशी लागेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. पोलिसांकडची ऑनलाइन नोंद मी तेवढ्यात करून टाकली, त्यामुळे सरकारदरबारी ती परदेशी राहिली. बाकी अंबरनाथमध्ये ती त्या दिवसापासून आमची नातेवाईक झाली.

संध्याकाळी कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. अक्षय म्हणाला, "भाई, आपला पोपट झालाय." तेजस्वी म्हणाली की उद्यापासून कामाला लागूया, तिला टाकी बांधता येते, आणखी काय पाहिजे. तिचं म्हणणं इतिवृत्तात घेतलं नाही, कारण ते विषयपत्रिकेवर नव्हतं. विषयपत्रिकेवर एकच विषय होता: पाहुणीचं परदेशीपण जनतेच्या लक्षात कसं आणून द्यावं.

मी रात्रभर नाही, पण दोन तास बसून एक मार्गदर्शिका तयार केली. सार्वजनिक ठिकाणी टोपी आणि गॉगल घालावा. हाताने जेवू नये. चपला शक्यतो काढू नयेत. मांडी घालून बसू नये. म्हैस दिसल्यास आश्चर्य व्यक्त करावं.

चतुरिकाने ती लक्षपूर्वक वाचली. आमच्याकडची पद्धत असेल असं समजून ती सगळ्याला हो म्हणाली, फक्त शेवटच्या कलमावर अडली. तिच्या घरी चार म्हशी होत्या. तिने विचारलं, किती आश्चर्य व्यक्त करायचं? मी म्हटलं, फोटो काढेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर तिने ते करून पाहिलं. गॉगल लावून म्हशीसमोर ती तोंड उघडं ठेवून उभी राहिली. म्हैस ज्यांची, त्या गोदूबाई तेजस्वीच्या चुलत आत्या. त्यांनी काळजीने विचारलं, "काय झाला गो पोरीला? भ्याली का?" आणि चतुरिकाला हाताला धरून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. ती टोपी काढून मांडी घालून बसली. गोदूबाई तेजस्वीला म्हणाल्या, "तुमची ती फारिनची कवा येनार हाय मग?"

तेजस्वी म्हणाली, "हीच ती, आत्या."

गोदूबाईंनी तिच्या हाताचे तळवे उलटून बघितले. सिमेंटने सोलवटलेले, घट्टे पडलेले होते. म्हणाल्या, "कामाची हाय." एवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला. पाड्यावर तो पुन्हा निघाला नाही.

टाकी बांधायला बारा दिवस लागणार होते. सळया वाकवून सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर हाताने थापलेला सिमेंटचा गिलावा, मग गोणपाट गुंडाळून आठवडाभर पाणी मारायचं. भिंत जेमतेम दीड इंच जाडीची, पण नीट बांधली तर पंचवीस वर्षं टिकते, असं चतुरिका सांगायची. तेजस्वी तिचं इंग्रजी मराठीत करायची. चौथ्या दिवसानंतर त्याचीही गरज उरली नाही, कारण बायकांनी तिला 'वाईच' आणि 'दाबून' हे दोन शब्द शिकवले होते आणि गिलाव्याचं बहुतेक काम तेवढ्यात होतं.

मी अध्यक्ष या नात्याने रोज अकरा वाजता जायचो आणि तिला घेऊन यायचो, कारण सत्कार असायचे. एका महिला मंडळात, एका क्लासमध्ये, एका ज्येष्ठ नागरिक संघात. सगळीकडे एकच अडचण. आम्ही दोघं आत शिरलो की आयोजक माझ्या मागे तिसरं कोणी आहे का बघायचे. एका ठिकाणी तर नारळ आणि शाल माझ्याच हातात देऊन "मॅडम आल्या की द्या" असं सांगण्यात आलं. त्या वेळी मॅडम शेजारी बसून चहा पीत होत्या. मी खुलासा केला नाही. शाल चांगली होती.

अशा सत्कारांत तिचे पाच दिवस गेले. तेवढे पाच दिवस तेजस्वी, गोदूबाई आणि पाड्यावरच्या सतरा बायका काम पुढे नेत होत्या. चतुरिका परतल्यावर हात पाय न धुता आधी टाकीभोवती फिरायची, कुठे थर कमी पडलाय ते बोटाने ठोकून बघायची.

उद्घाटनाला चार दिवस राहिले तेव्हा भावेशदादांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. टेबलावर उद्घाटनाच्या बॅनरचा नमुना होता. त्यांनी चतुरिकाचा आणि आपला एकत्र फोटो बोट ठेवून दाखवला.

"विनीत, तू शिकलेला पोरगा आहेस," ते शांतपणे म्हणाले. "तूच सांग. हा बॅनर चौकात लावला तर लोक काय म्हणतील? दादा आणि वहिनी."

मी म्हणालो, "दादा, पासपोर्ट आहे तिचा."

"पासपोर्ट काय बॅनरवर लावू? माझं सिमेंट गेलं, वाळू गेली. वरून पाण्याचा टँकर पण मीच देणार आहे. लांबून बघितल्यावर फॉरेनर वाटला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. नाही जमलं तर सांग, मी उरलेलं सामान उचलून घेतो."

टाकीचं झाकण आणि नळाची जोडणी अजून व्हायची होती. सामान उचललं असतं तर टाकी अर्धी राहिली असती. मी स्वतःला हेच सांगितलं. माझ्या अर्जाची शेवटची तारीख पुढच्याच महिन्यात होती, हे मी स्वतःला सांगितलं नाही, कारण ते मला माहीत होतं.

तोडगा अक्षयने काढला. त्याच्या कंपनीत पॅकिंगचं मशीन बसवायला पोलंडहून एक फिटर आला होता. नाव प्योतर, उंची सहा फूट, रंग मैद्यासारखा. रविवारी त्याला सुट्टी असायची आणि तो गेस्ट हाऊसमध्ये एकटाच बसायचा. गावात जेवण आहे एवढंच अक्षयने त्याला सांगितलं आणि तो आनंदाने तयार झाला. भावेशदादांनी फोनवर फोटो बघितला आणि म्हणाले, "ह्याला म्हणतात पाहुणा."

चतुरिकाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, आणखी एक आंतरराष्ट्रीय पाहुणे आपल्या कार्यक्रमाला येतायत, व्यासपीठ लहान आहे, त्यामुळे बसण्याच्या व्यवस्थेत थोडा बदल आहे. तिने विचारलं, ते पण टाक्या बांधतात का? मी म्हटलं, त्यांचं क्षेत्र जवळचंच आहे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दादांची माणसं संगमरवराची पाटी घेऊन आली. चतुरिका आणि बायकांनी ओल्या गिलाव्यावर बोटाने आपापली नावं लिहिली होती, चतुरिकाने मराठीत, तेजस्वीने शिकवलं तसं. पाटी नेमकी त्या जागी बसवायची होती, कारण ती रस्त्याकडची बाजू होती. चतुरिका हात आडवा धरून उभी राहिली आणि म्हणाली, ड्रिल करू नका, भिंत पातळ आहे, चिकटवा. कामगारांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, दादांना विचारतो. दादांचा फोन लागला नाही. चार स्क्रू बसले.

कार्यक्रमाला तीनशे माणसं होती. व्यासपीठावर सहा खुर्च्या: दादा, प्योतर, दादांचे तीन सहकारी आणि मी. चतुरिका मागे बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिला तिथे उभं राहायला मी सांगितलं नव्हतं. पण दुसरीकडे कुठे बसायचं, हेही सांगितलं नव्हतं.

प्योतरला फेटा बांधला तेव्हा टाळ्यांनी मांडव दणाणला. दादांनी त्याला बोलायची विनंती केली आणि भाषांतरासाठी मी उभा राहिलो. तो गोंधळून गेला होता. मोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द शोधत तो म्हणाला, की मी फिटर आहे, मशीन दुरुस्त करतो, इथे आज अकरा वाजता आलो. टाकी बघितली, काम फार उत्तम आहे. मी यात काहीच केलेलं नाही. ती मागे उभी आहे ना वेणीवाली, तिने बांधली म्हणे, हार तिला घाला.

मी माइक हातात घेतला. तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती. तेजस्वी माझ्याकडे बघत होती, आणि तिला इंग्रजी कळत होतं. मी म्हणालो, "पाहुणे म्हणतात, की या कामाचं सगळं श्रेय मी माझ्याकडे घेणार नाही. ते इथल्या महिलांचं आहे."

प्रचंड टाळ्या पडल्या. एकही शब्द खोटा नव्हता. खोटं बोलायला जी हिंमत लागते, तीसुद्धा मला लागली नाही.

मग दादांनी आणि प्योतरने मिळून नळ सोडला. टँकरने अजून भरत असलेल्या टाकीतून पाणी आलं, आणि त्याच वेळी आतलं पाणी पाटीच्या वर चढून संगमरवरी पाटीच्या चारही कोपऱ्यांतून बारीक धारा सुटल्या. माइक अजून माझ्याच हातात होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "चारी दिशांना विकासाची गंगा!" पुन्हा टाळ्या. दादांनी त्या धारांखाली हात धरून फोटो काढून घेतला. तोच फोटो पुढे सगळीकडे गेला.

लोक जेवायला उठले. प्योतर मात्र व्यासपीठावरून उतरून सरळ टाकीकडे गेला. चतुरिका दोन्ही तळवे भिंतीला लावून उभी होती. दोघांना एकमेकांचं इंग्रजी धड कळत नव्हतं, पण स्क्रू, वॉशर, आतून, बाहेरून असं बराच वेळ चाललं होतं. फेटा त्याने काढून गोदूबाईंकडे दिला होता. अंबरनाथपासून चामटोलीपर्यंत चतुरिकाला टाकीबद्दल प्रश्न विचारणारा तो पहिलाच पाहुणा.

तिच्या परतीला दोन दिवस राहिले होते. पाटी काढायला दादा तयार नव्हते, त्यामुळे भोकं आतून बुजवायची ठरली. टाकी रिकामी केली. झाकणाचं तोंड लहान होतं आणि आत दोघांची गरज होती. तेजस्वी सामान आणायला गेली होती, म्हणून बारीक माणूस म्हणून मी उतरलो. तीन आठवड्यांत मी केलेलं प्रत्यक्ष काम ते एवढंच, अडीच तास. त्यातही पहिल्या दहा मिनिटांत मी सेल्फी काढला.

आत आवाज घुमत होता. तिने थापीने सिमेंट दाबत विचारलं, "तू माइकवर 'इथल्या' म्हणालास. तेजस्वीला मी अर्थ विचारला. म्हणजे या गावातल्या, ना?"

मी हो म्हणालो.

"म्हणजे मी इथली."

मला वाटलं, ती खूश झाली आहे. मी म्हणालो, अर्थातच, तू आमचीच आहेस, आम्ही कधी परकं मानलंच नाही.

ती थापी पुसत म्हणाली, "मग मला एवढंच सांग. इथल्या माणसांना तुमच्याकडे बसायला खुर्ची का देत नाहीत?"

मी सिमेंट कालवत राहिलो. ते आधीच कालवून झालं होतं.

भोकं बुजली. टाकी पुन्हा भरली तेव्हा पाटी कोरडी होती. स्वच्छतागृहाचं कुलूप गोदूबाईंनी दगडाने तोडलं, कारण किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच आठवेना. चतुरिका गेली त्या दिवशी आईने तिला मोठा डबा भरून दिला आणि ती वळणाआड गेल्यावर मला म्हणाली, "बाकीच्या शेजारणींना मी देवगडची भाची सांगितलं होतं रे. नीट सांगायला हवं होतं." तेवढं बोलून ती आत गेली. त्यानंतर दोन दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलली.

एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली: 'परदेशी अभियंत्याने बांधली पाड्यावर टाकी'. फोटोत प्योतर आणि दादा. मागे अंधुक दिसणाऱ्या बायकांसाठी ओळीच्या शेवटी 'व स्थानिक महिला' असं होतं. मी कात्रण मुख्यालयाला पाठवलं. मुख्यालयाने खुलासा मागवला, की आपल्या शाखेला श्रीलंकेची एक महिला मंजूर असताना छायाचित्रात युरोपीय पुरुष कसा? मी लिहिलं, की स्थानिक पुढाकारातून आणखी एका देशाला जोडून घेण्यात आलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. एका पाहुण्याच्या मंजुरीत दोन देश साधल्याबद्दल आमची शाखा त्या वर्षीची आदर्श यजमान शाखा ठरली होती.

सोबत प्रमाणपत्रं होती. प्योतरला एकवीस दिवसांच्या श्रमदानाचं. चतुरिकाच्या बाबतीत 'परदेशी स्वयंसेवक म्हणून छायाचित्रीय पुरावा आढळला नाही' असा शेरा होता. एवढ्या फोटोंत ती कुठे ना कुठे होती, पण घमेलं घेऊन, पाठमोरी, बायकांत. तिच्या नावाचं प्रमाणपत्र 'स्थानिक स्वयंसेविका' म्हणून निघालं होतं. तिच्या देशात पाणी योजनेच्या नोकरीसाठी तिला परदेशातल्या कामाचा दाखला लागणार होता. तिने मला एकदा मेल करून विचारलं. मी लिहिलं, प्रक्रियेत आहे. मुख्यालयाला पाठवायचं दुरुस्तीचं पत्र मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा ते उत्तम उतरलं होतं. पण दुरुस्ती म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे पुरस्कार स्थगित, आणि तोपर्यंत पुरस्कार माझ्या अर्जात जाऊन बसला होता.

शेवटी तेजस्वीने मला न विचारता शाळेच्या बाईंकडून पत्र घेतलं, खाली अठरा बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले, टाकीच्या आतून-बाहेरून काढलेले फोटो जोडले आणि सगळं चतुरिकाने नोकरीसाठी अर्ज केलेल्या ऑफिसला थेट पाठवलं. चतुरिकाला नोकरी मिळाली. तेजस्वीने मंचाचा राजीनामा दिला. तेव्हापासून 'प्रत्यक्ष काम' हे पद रिक्त आहे. शाखेचं कामकाज सुरळीत चालू आहे.

मलाही प्रवेश मिळाला. जाण्याआधी 'आंतरराष्ट्रीय आतिथ्य' या विषयावर बोलायला मला ठिकठिकाणी बोलावतात. मी ही हकीकत जशी घडली तशी सांगतो, स्वतःचं काही लपवत नाही. लोक हसतात, मग गंभीर होतात. आपल्या समाजाला गोऱ्या कातडीचं किती वेड आहे, असं एकमेकांना सांगतात. कार्यक्रम संपल्यावर चार-पाच जण बाजूला येऊन थांबतात. एक जण हळूच प्योतरचा नंबर मागतो, त्यांच्या गणेशोत्सवाला हवा असतो. बाकीच्यांना चतुरिकाचा फोटो बघायचा असतो. मी दाखवतो. ते दोन बोटांनी तो मोठा करतात, थोडा वेळ निरखतात आणि म्हणतात, "नाही हो, नीट बघितलं तर कळतं परदेशी आहे ते."

एकदा बघावं असं तुमच्याही मनात आलंच असेल. फोटो आहे माझ्याकडे, पाठवतो.